प्लेगच्या काळातील अभय

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, नवरोजी हिलच्या वस्तीतील रुग्ण तपासून डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा ताप म्हणजे गाठीचा प्लेगच होय असे निदान केले, तेव्हा ते ऐकून घेण्याची मनःस्थिती शहरातील पेढीवाल्यांची नव्हती आणि सरकारी अंमलदारांचीही नव्हती. हडफड्याला जन्मलेले हे गोमंतकीय डॉक्टर महानगरपालिकेचे सभासद होते. ज्या शहराचे सारे वैभव बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर उभे आहे, त्या शहराने प्लेगचे नाव काढले की परदेशची बंदरे त्याच्या जहाजांना मज्जाव करतील, हे त्यांनाही कळत असले पाहिजे. तरीसुद्धा २३ सप्टेंबरला त्यांनी ते नाव पालिकेच्या स्थायी समितीपुढे स्पष्ट उच्चारले, आणि पुढे इतर तज्ज्ञांनी रुग्ण पाहून त्यांच्या निदानाला दुजोरा दिला. मांडवीतील धान्याच्या वखारींतून उंदीर मरून पडत होते, चाळींतून काखेत नि जांघेत गाठ आलेली माणसे दोन-तीन दिवसांत दगावत होती, आणि सामान्य रहिवाशाला आपण कशाने मरतो आहोत हे कोणी नीट सांगत नव्हते. अशा वेळी रोगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारा मनुष्य वाईट बातमी आणतो खरा, परंतु लोकांच्या मनाला पाय टेकण्यापुरती जमीनही तोच पहिल्याने मिळवून देतो.

पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे, कोणी गलबतांनी कोकणात तर कोणी आगगाडीने देशावर, शहर सोडून निघून गेली होती. गिरण्या ओस पडल्या, बाजार उठले. कित्येक घरांच्या भिंतींवर मृत्यूची तारीख घातलेली वर्तुळे उमटली, आणि माणसाने राहण्यास नालायक ठरलेल्या घरांची कौले उतरवून आत ऊन पाडण्याची तजवीज होऊ लागली. या साथीने पुढील दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

तथापि साथीतील घबराट केवळ मृत्यूंच्या आकड्याबरोबर चढत किंवा उतरत नाही, हे त्या काळची हकीकत बारकाईने वाचणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. मरणाची सवय त्या समाजाला होती; पटकी आणि देवी दर दोन-चार वर्षांनी येऊन जात असत आणि तापाने माणूस दगावणे ही नित्याची गोष्ट होती. या वेळी ज्या गोष्टीने लोकांचे चित्त ठिकाणावरून ढळले ती निराळी होती. आपल्या घरातील आजारी माणूस परके लोक उचलून नेतात, तो कोठे जातो हे दिसत नाही, त्याच्या तोंडात पाणी कोण घालते हे कळत नाही, आणि परत येते ती त्याच्या मृत्यूची वार्ता, अशी जी एक अंधारी वाट प्रत्येक उंबरठ्यापाशी येऊन ठेपली होती, तिचे भय गाठीच्या भयाहून मोठे होते. माझ्या मते साथीच्या काळातील सुरक्षिततेचा सारा प्रश्न याच ठिकाणी येऊन थांबतो: आपल्या आजारी माणसाचे पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक असते, तो संकटातही विचार करू शकतो, ज्याला ते ठाऊक नसते, त्याला निरोगी असतानाही झोप येत नाही.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांचा जमाव ऑर्थर रोडच्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयावर चालून गेला. रुग्णालयात माणसांना उलटे टांगून त्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी वदंता त्या दिवसांत मुंबईभर पसरली होती. राणीच्या पुतळ्याला त्याच ऑक्टोबरात कोणी डांबर फासले होते, आणि त्या अपमानाची भरपाई म्हणून राणीने प्रजेची काळजे मागवली आहेत, असेही लोक एकमेकांना सांगत. या कंड्यांना अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. रुग्णालयात गेलेली माणसे बहुतेक मरत होती, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. ती मरत होती याचे एक कारण असे की, भयापोटी त्यांना शेवटच्या घटकेपर्यंत घरात लपवून ठेवण्यात येई आणि मगच ती रुग्णालयाच्या दारी पोचत. त्या मृत्यूंचा उलगडा अधिकाऱ्यांनी केला नाही, म्हणून लोकांनी आपल्यापाशी होत्या त्या जुन्या गोष्टींतून तो करून घेतला. जेथे बातमी पोचत नाही तेथे अफवा पोचते, आणि ती मनाला काही काळ खऱ्या बातमीसारखाच आधार देते.

सरकारने या भयाला दिलेले उत्तर म्हणजे ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोगांचा कायदा. घरांची झडती घेणे, प्रवाशांना अडकवून ठेवणे, मालमत्ता जाळणे किंवा पाडणे यांसाठी लागणारे अधिकार त्याने अंमलदारांच्या हाती दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेगची कमिटी नेमली गेली आणि मार्चच्या मध्यापासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पेठांतून घरोघर फिरू लागल्या. एखाद्या वाड्यात अशी तुकडी शिरली म्हणजे काय होत असे, ते थोडे जवळून पाहिले पाहिजे. बुटांसकट शिपाई माजघरात आणि देवघरात जात; कोठीतील धान्य उपसले जाई; रुग्ण सापडला तर त्याचे अंथरूण-पांघरूण रस्त्यावर आणून पेटवीत; बायकांना अंगणात उभे करून त्यांच्या काखा तपासण्याचे प्रसंग घडल्याच्या तक्रारी झाल्या; आणि घरातील धडधाकट माणसांची रवानगी गावाबाहेरील छावणीत होई, मग मागे राहिलेल्या घराला कुलूप लावण्याची उसंत त्यांना मिळाली असो वा नसो. अर्ज-फिर्यादी पुष्कळ झाल्या, परंतु दाद लागली नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक आजार लपवू लागले, गाठ आलेल्या मुलाला माळ्यावर दडवू लागले, मृत्यूची नोंद चुकवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, तो इतिहास शाळेतील मुलालाही माहीत आहे. परंतु त्या गोळीच्या आधी तीन महिने पुण्यातील कित्येक घरांत झोप अशी लागलीच नव्हती, याची आठवण त्या इतिहासात सहसा येत नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. प्लेगचा सूक्ष्म जंतू अलेक्झांडर येर्सँ यांनी १८९४ साली हाँगकाँगला शोधून काढला होता, परंतु तो माणसापर्यंत कसा येतो हे अंधारातच होते. १८९८ साली कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसू हा रोग एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेते हे प्रयोगाने दाखवले. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही, आणि १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकांनी पुनःपुन्हा पडताळा घेतला तेव्हा कोठे ती गोष्ट सर्वमान्य झाली. म्हणजे ज्या वर्षी माणसांना माणसांपासून बळाने तोडण्यात येत होते, त्या वर्षी खरा धोका माळ्यावरच्या आणि गटारातल्या उंदरांत होता. गाठीचा प्लेग माणसापासून माणसाला क्वचितच होतो. गटारे कार्बोलिकच्या पाण्याने धुवून काढली की तेथील उंदीर शेजारच्या आळीत पळत आणि रोगही त्यांच्याबरोबर जाई. अज्ञानाचा दोष मी त्या अधिकाऱ्यांना देत नाही. ज्या उपायाच्या गुणाची स्वतःलाच खात्री नाही, तो लोकांवर इतक्या निष्ठुरतेने लादावा, हा दोष मात्र त्यांचाच.

याच पुण्याच्या वेशीवर, याच महिन्यांत, दुसरे एक रुग्णालय चालू होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरनजीक ससाण्यांच्या मळ्यात रुग्णांची सोय केली होती आणि पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई तेथे रुग्ण आणण्याचे आणि त्यांची शुश्रूषा करण्याचे काम करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यात एका मुलाला गाठ आल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन मळ्यातील दवाखान्यात आल्या. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. या घटनेकडे आपण त्यागाची कथा म्हणून पाहतो आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या मुलाच्या आईबापांच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात आणखीही एक अर्थ आहे. त्यांच्या दारातून मूल गेले ते ओळखीच्या माणसाच्या पाठीवर. पेठांतून फिरणाऱ्या तुकड्याही रुग्णाला न्यायलाच आल्या होत्या आणि सावित्रीबाईही त्यालाच न्यायला आल्या होत्या. रोग तोच, अंतरही फार निराळे नसेल, परंतु एका दारात आक्रोश झाला आणि दुसऱ्या दारात, मला वाटते, आशा उरली.

लोकमान्य टिळकही त्या दिवसांत पुणे सोडून गेले नाहीत. रुग्णांना आपल्या माणसांत राहता यावे म्हणून त्यांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढण्यात पुढाकार घेतला. मुंबईत जनरल गेटेकर यांच्या कमिटीने निरनिराळ्या जातींना आणि पंथांना आपापली रुग्णालये उघडण्याची मुभा दिली. तेथे स्वयंपाकी आपला, पाणी आपल्या हातचे, उशाशी बसायला बहीण किंवा आई, आणि प्रार्थनेला आपला भटजी, मौलवी किंवा दस्तूर. औषध काही निराळे नव्हते, कारण प्लेगवर गुणकारी औषध त्या काळी कोणापाशीच नव्हते. ही रुग्णालये जातीजातींत वाटलेली होती याचे आज वैषम्य वाटते आणि वाटलेच पाहिजे. तरीही, जी माणसे सरकारी रुग्णालयाचे नाव काढताच रुग्णाला दडवीत, तीच आपल्या रुग्णालयात त्याला स्वतः उचलून आणू लागली, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. ९ मार्च १८९८ रोजी एका रुग्णाला तपासण्यावरून मुंबईत दंगल उसळली, आणि त्यानंतर सरकारनेही सक्ती हळूहळू सैल केली. लोकांचे सहकार्य हुकमाने मिळत नाही, हे कळण्यास दीड वर्ष आणि पुष्कळ माणसे खर्ची पडली.

लशीची हकीकत याच सूत्रात येते. ओडेसात जन्मलेले डॉ. वाल्देमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, ताप आणि वेदना सोसल्या, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. एकोणीस-वीस वर्षांच्या आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, तेव्हा त्या समाजातील हजारो माणसे निःशंकपणे पुढे आली. बडोदे संस्थानातील उंढेरा गावी १८९८ साली घरोघरच्या निम्म्या माणसांना टोचण्यात आले. रोग शिरलेल्या घरांतून टोचून घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले आणि न टोचलेल्या ६४ पैकी २६. आकडे बोलके होते, पण आकड्यांनी माणूस बाही वर करतो असा माझा समज नाही. समोर बसलेल्या, आपल्या भरवशाच्या माणसाने आधी बाही वर केली म्हणजे तो करतो. हा भरवसा किती नाजूक असतो तेही पुढे दिसून आले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी दूषित लशीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मेली, हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि त्यांचे निर्दोषत्व मान्य होईपर्यंत पाच वर्षे लोटली.

शहरांतील ही धामधूम चालू असता देशावरील अनेक खेड्यांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला होता, आणि त्याची हकीकत सांगताना मला विशेष आदर वाटतो. गावात उंदीर पडू लागले, म्हणजे आढ्यावरून किंवा कणगीआडून मेलेले उंदीर सापडू लागले, की पाटील दवंडी पिटवी आणि गाव बाहेर निघे. माळावर नाहीतर शेतात कडब्याच्या, पऱ्हाट्यांच्या, तुरीच्या काड्यांच्या झोपड्या उभ्या राहत. तीन दगडांच्या चुली मांडल्या जात. गुरे जवळच बांधली जात. रिकाम्या गावावर जागल्याचा पहारा बसे. झोपडी रचायची, पाणी लांबून आणायचे, रात्री राखणीची पाळी धरायची, शेजारच्या झोपडीत कोणाला ताप आला तर सकाळ-संध्याकाळ विचारपूस करायची, या कामांत दिवस जाई. आणि काही आठवड्यांनी घरी परतायचे ते कौले चाळून, घर उघडे टाकून, जमीन उकरून पुन्हा सारवून. पिसवेचे नावही न ऐकलेल्या या माणसांनी उंदराच्या घरातून आपले घर हलवले होते, आणि विज्ञानाने पुढे ज्याला योग्य म्हटले ते त्यांनी आधीच केले होते. मनाच्या दृष्टीनेही त्यांचे वागणे शहाणपणाचे होते. धोक्याच्या चाहुलीने हृदयाची धडधड वाढते, श्वास उथळ होतो, झोप उडते. ही शरीराची तयारी घटका-दोन घटकांच्या संकटासाठी असते, आणि साथ महिनोन्‌महिने टिकली की तीच तयारी माणसाला आतून पोखरते. हाताला अर्थपूर्ण काम असले, दिवसाला ठरलेला क्रम असला, आणि आपण एकटे नाही हे डोळ्यांना दिसत असले, म्हणजे ती धडधड उतरते.

मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची रीतही याच खेड्यांत होती. तिने गावाला एकत्र आणले आणि भयाला एक वाट करून दिली हे मी मान्य करतो. परंतु तो गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत उभा राही, आणि मग त्या गावाशी भांडण जुंपे. आपले संकट दुसऱ्याच्या हद्दीत ढकलून मिळणारे समाधान हे अभय नव्हे. साथीच्या काळात परप्रांतीयाकडे, परधर्मीयाकडे किंवा रुग्णालयातून घरी परतलेल्या परिचारिकेकडे बोट दाखवणारे आपण सुशिक्षित लोक तेच करीत असतो.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, इतक्या वेगाने आली आणि ओसरली की समाजाला सावरून उभे राहण्यास अवकाशच मिळाला नाही. परंतु २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी साथरोगांचा १८९७ चाच कायदा लागू केला, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीचे सगळे प्रश्न पुन्हा दारात येऊन उभे राहिले. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरात आठ लाखांहून अधिक वस्ती, एका खोलीत आठ-दहा माणसे, बहुसंख्यांची भिस्त सार्वजनिक शौचालयांवर; तेथे अंतर राखा असे सांगणे व्यर्थ होते. पालिकेने त्याच वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणाऱ्या खाजगी डॉक्टरांना हाताशी धरले. ज्या डॉक्टरने आपल्या पोराचा खोकला बरा केला तोच तपासायला आला आहे हे पाहून दारे उघडली. शाळा, लग्नाची कार्यालये, क्रीडासंकुल यांत अलगीकरणाची सोय झाली. ती वस्तीच्या आतच होती, म्हणून नेलेला माणूस कोठे आहे हे घरच्यांना माहीत असे. रमजानच्या उपवासाच्या वेळा सांभाळून जेवण देण्यात आले. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला.

इतरत्र मात्र जे घडले ते विसरता येण्यासारखे नाही. कित्येक घरांतून वडील रुग्णवाहिकेत बसून गेले आणि त्यानंतर त्यांचा आवाज घरच्यांना ऐकू आला नाही. दूरध्वनी करावा तर उचलला जाईना, उचलला तर सांगणारा दुसऱ्याच विभागातला. घरी बसलेली मंडळी दिवसभर दूरदर्शनसंचावरील आकडे पाहत राहिली. आकडा पाहिला की क्षणभर आपल्याला काही कळले असे वाटते आणि लगेच दुसरा पाहावासा वाटतो. म्हणून मनाचे वैद्य सांगतात की बातम्या दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहाव्यात, झोपेची नि जेवणाची वेळ मोडू नये, भीती वाटत असेल तर ती एखाद्या विश्वासू माणसापाशी बोलून दाखवावी, आणि झोप, भूक व कामावरचे लक्ष बरेच दिवस हरपले तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. हे सारे उपयोगाचे आहे आणि मी स्वतः ते मानतो. परंतु ज्याचा बाप रुग्णालयात आहे आणि ज्याला त्याची खबर मिळत नाही, त्याला दीर्घ श्वास घ्या असे सांगणे अपुरे आहे.

म्हणून पुढील साथीसाठी जिल्ह्या-जिल्ह्यांतून जे आराखडे तयार होतील, त्यांत खाटा, प्राणवायू आणि लशी यांच्या जोडीला एक कलम स्वतंत्रपणे लिहिले जावे असे मला मनापासून वाटते. प्रत्येक रुग्णालयाने रुग्णांच्या घरी रोज खबर देण्यासाठी माणसे नेमावीत. त्यांनी ठरलेल्या वेळी, घरच्यांच्या भाषेत, रुग्णाने काय खाल्ले, ताप किती आहे आणि डॉक्टर काय म्हणाले एवढे सांगावे; रुग्णाला बोलता येत असेल तर त्याच्या कानाशी फोन धरावा; आणि शक्य तेथे संरक्षक पोशाख देऊन घरातील एका माणसाला उशाशी बसू द्यावे. या कामासाठी डॉक्टर लागत नाहीत. गावातील शिक्षक, आशाताई, महाविद्यालयातील मुले ते करू शकतील. त्यांचे प्रशिक्षण आजच, रुग्णालये शांत असताना, सुरू करता येईल.